पॅरिसची आर्क द ट्रियॉम्फ पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाँझेलिझे या हमरस्त्याच्या वरच्या टोकाला, बारा रस्ते जिथे एकत्र येतात त्या चौकात नेपोलियनने बांधायला घेतलेली ही विजयकमान उभी आहे. पॅरिसला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण ती पाहतो. पण बरेचसे पाहणारे समोरच्या फुटपाथवरून फोटो काढून परत फिरतात. काही जण वर जातात, आयफेल टॉवर बघतात आणि खाली उतरतात. कमानीखाली एका सैनिकाची कबर आहे आणि तिथे रोज संध्याकाळी साडेसहाला मानवंदना होते, हे त्यांना घरी आल्यावर कळतं. म्हणून तिकीट, जिना, पिशव्या यांची उत्तरं तर खाली आहेतच, पण कबरीबद्दल आणि भिंतींवरच्या नावांबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

तिथे पोहोचायचं कसं?

स्टेशनचं नाव शार्ल द गोल–एत्वाल. मेट्रोच्या १, २ आणि ६ क्रमांकाच्या लाइनी आणि उपनगरी आरईआर ए ही गाडी, सगळ्या इथे थांबतात. लूव्ह्र किंवा काँकॉर्ड चौकाकडून येणाऱ्यांना १ नंबरची लाइन सोयीची. आयफेल टॉवर पाहून येणार असाल तर त्रोकादेरोहून ६ नंबरची गाडी पकडा, तिसरं स्टेशन एत्वालच.

खरी अडचण स्टेशनातून बाहेर पडताना येते. बाहेर पडायचे मार्ग बरेच आहेत आणि चुकीच्या जिन्याने वर आलात तर चौकाच्या पलीकडच्या बाजूला निघता. मग चौकाला वळसा घालताना सहा-सात रस्ते ओलांडावे लागतात. पाट्यांवर ‘शाँझेलिझे’ आणि ‘आर्क द ट्रियॉम्फ’ ही दोन्ही नावं जिथे एकत्र दिसतात तोच मार्ग धरा.

पायी यायचं असेल तर काँकॉर्डपासून शाँझेलिझेने सुमारे दोन किलोमीटर. रस्ता हळूहळू चढत जातो. चढ डोळ्यांना दिसत नाही, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला पायांना मात्र कळतो.

कमान समोरच तर आहे, रस्ता ओलांडून गेलं तर?

जाऊ नका. हा चौक साधारण २४० मीटर व्यासाचा आहे, आत लेन आखलेल्या नाहीत, आणि उजवीकडून चौकात शिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असा नियम आहे. म्हणजे चक्रात आधीपासून असलेली गाडी थांबते आणि नवी आत घुसते. पुण्या-मुंबईत रस्ता ओलांडून तयार झालेला हात इथे दाखवून चालत नाही, कारण गाडी कुठून येईल याचा अंदाज आपल्या सवयीच्या बरोब्बर उलटा ठरतो. गाड्या उजव्या बाजूने चालतात, ते आणखी वेगळं.

कमानीपर्यंत भुयारी मार्ग आहे. त्याचं एक तोंड शाँझेलिझेच्या फुटपाथवर आहे, चढणीने वर येताना उजव्या हाताला. दुसरं कमानीच्या मागच्या बाजूला, अव्हेन्यू द ला ग्रांद आर्मेवर. जिना उतरा, भुयारातून सरळ चाला, वर आलात की कमानीच्या पायाशीच निघता. तिकीटखिडकीही याच भुयारात आहे.

खाली जायला पैसे पडतात का?

नाही. कमानीखाली जाणं, कबर पाहणं, भिंतींवरची नावं वाचणं, शिल्पं पाहणं, संध्याकाळच्या सोहळ्याला उभं राहणं, सगळं फुकट. तिकीट लागतं ते जिना चढून आतलं दालन आणि वरची गच्ची पाहण्यासाठी. भुयारातली रांग तिकिटाची आहे हे लक्षात न आल्यामुळे काही लोक उगाच तिच्यात उभे राहतात. फक्त खाली पाहायचं असेल तर रांग सोडून पुढे चाला.

तिकीट आधी काढावं का? सवलत कोणाला?

आधी काढलेलं बरं. ही वास्तू फ्रान्सच्या राष्ट्रीय स्मारक केंद्राच्या ताब्यात आहे आणि त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर तिकीट मिळतं. मधले विक्रेते तेच तिकीट चढ्या भावाने विकतात. अलीकडच्या वर्षांत उन्हाळ्याचा दर हिवाळ्यापेक्षा जास्त असतो, म्हणून कोणाच्या जुन्या प्रवासवर्णनातला आकडा धरून हिशेब मांडू नका. ज्या तारखेला जाणार त्या तारखेचा दर पाहा.

१८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, देश कोणताही असो. वयाचा पुरावा जवळ ठेवा, पासपोर्टची प्रत चालून जाते. १८ ते २५ वयाच्या, युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्यांनाही मोफत. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे बरेचदा ठाऊक नसतं आणि ती पूर्ण तिकीट काढतात. विद्यार्थी ओळखपत्र दाखवून काम होत नाही, वास्तव्याचा परवाना दाखवावा लागतो. हिवाळ्याच्या काही महिन्यांत पहिल्या रविवारी सगळ्यांनाच मोफत असतं, पण त्या दिवशीची गर्दी पाहता वाचलेले पैसे रांगेत फिटतात.

पॅरिस म्युझियम पास घेतला असेल तर त्यात ही कमान येते.

वेळा काय आहेत?

सकाळी १० ला उघडते. एप्रिल ते सप्टेंबर रात्री ११ पर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्च साडेदहापर्यंत, अशी सर्वसाधारण वेळ आहे. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या ४५ मिनिटं आधी. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला पूर्ण बंद. ८ मे, १४ जुलै आणि ११ नोव्हेंबर या राष्ट्रीय दिवशी सकाळी सरकारी समारंभ असतो, तेव्हा वर सोडत नाहीत. समारंभ, निदर्शनं किंवा देखभालीसाठी अधूनमधून अचानकही बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

दिवसाच्या कोणत्या वेळी जावं?

नोव्हेंबर ते जानेवारीत जाणाऱ्यांचं नशीब चांगलं. पॅरिसमध्ये डिसेंबरात सूर्य पाचच्या आसपासच मावळतो. साडेचारला गच्चीवर पोहोचलात तर उजेडातलं शहर दिसतं, मग सूर्यास्त, मग रस्त्यांवरचे दिवे. सहाच्या ठोक्याला आयफेल टॉवर पाच मिनिटं लखलखतो (अंधार पडल्यावर दर तासाच्या सुरुवातीला हे होतं). लगेच उतरायला लागा, सव्वासहापर्यंत खाली या, आणि साडेसहाचा ज्योतीचा सोहळा पाहा. एका तिकिटात आणि अडीच तासांत सगळं जमतं.

उन्हाळ्यात हे गणित जुळत नाही. जूनमध्ये दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दिवे लागलेलं शहर पाहायचं तर ज्योतीचा सोहळा आधी खाली उभं राहून पाहा, मग जेवून या आणि साडेनऊच्या सुमारास वर जा. भर दुपारी मात्र टाळा. गच्चीवर सावली अशी नाहीच, आणि दगड तापलेला असतो.

पायऱ्या किती? आई-बाबांना झेपेल का?

२८४. बहुतेक भाग अरुंद गोल जिन्याचा आहे. पर्वती चढताना जशा रुंद, उघड्या पायऱ्या असतात तशा या नाहीत. इथे खांबाच्या पोटातून गरगर फिरत वर जायचं असतं, मध्ये टेकायला जागा थोडी, आणि मागून लोक येत असतात. गुडघ्यांपेक्षा चक्कर येण्याचाच त्रास जास्त होतो. उपाय साधा आहे: नजर मधल्या पोकळीत न सोडता बाहेरच्या भिंतीकडे ठेवायची, पाऊल पायरीच्या रुंद बाजूला टाकायचं. चढायचा आणि उतरायचा जिना वेगळा आहे, म्हणून समोरून कोणी आदळत नाही.

जिना संपला की कमानीच्या माथ्यातलं मोठं दालन लागतं. तिथे दम खाता येतो, कमानीच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन आहे. त्यानंतर आणखी थोड्या पायऱ्या चढून गच्ची.

लिफ्ट आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. अपंग, गर्भवती स्त्रिया, चालायला त्रास असलेले ज्येष्ठ अशांसाठी ती राखीव आहे आणि कर्मचाऱ्यांना सांगितल्यावरच मिळते. लिफ्ट नेते ती दालनापर्यंत. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या चढाव्याच लागतील असं धरून चला. चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीला घेऊन जाणार असाल तर आधी ईमेलने विचारून ठेवा, कारण लिफ्ट बंद असेल तर तिथे उभ्या उभ्या दुसरा मार्ग निघत नाही.

सामान ठेवायची सोय आहे का?

नाही. सुटकेस, प्रवासाच्या मोठ्या सॅक आत नेता येत नाहीत आणि ठेवायला खोलीही नाही. विमानतळावरून थेट येणारे किंवा संध्याकाळच्या गाडीने निघणारे इथे हमखास अडकतात. सामान हॉटेलात किंवा मोठ्या रेल्वे स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवून या. प्रवेशाला बॅगा उघडून तपासतात, खिशातली छोटी सुरीसुद्धा अडवली जाते.

वरून काय दिसतं?

शहराचा नकाशा. आयफेल टॉवरच्या टोकावरून सगळं लहान होऊन सपाट दिसतं. इथली उंची ५० मीटर, त्यामुळे रस्त्यावरची माणसं माणसंच राहतात, आणि बारा रस्ते पायाखालून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटताना दिसतात. पूर्वेला शाँझेलिझे, तिच्या टोकाला काँकॉर्डचा स्तंभ, त्यापलीकडे लूव्ह्र. बरोबर उलट्या दिशेला ला देफाँसची चौकोनी पोकळ इमारत, ग्रांद आर्श. या सगळ्या गोष्टी जवळपास एका रेषेत आहेत. लूव्ह्रजवळ नेपोलियननेच बांधवलेली एक छोटी कमान आहे, कारुझेलची, १९ मीटर उंचीची. ती मोठीची प्रतिकृती समजून बरेच लोक गोंधळतात. ती याच काळातली, पण १८०८ मध्येच पूर्ण झालेली.

रस्त्यांची नावंही वाचा. क्लेबर, ओश, मार्सो हे सेनापती. वाग्राम, फ्रीदलांद, इएना ही नेपोलियनच्या लढायांची ठिकाणं. वरून ज्या रस्त्यांकडे बघताय तेही स्मारकाचाच भाग आहेत. चौकाचं नाव मात्र १९७० पासून शार्ल द गोल यांचं, दुसऱ्या महायुद्धातले फ्रेंच नेते आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष. लोक अजून एत्वाल, म्हणजे तारा, असंच म्हणतात.

साडेसहाचा सोहळा नेमका काय असतो? पाहुण्यांना परवानगी आहे?

आहे, आणि तिकीट नाही. ही ज्योत ११ नोव्हेंबर १९२३ रोजी त्या वेळचे युद्धमंत्री आंद्रे माजिनो यांनी प्रथम पेटवली. (पुढे ज्यांच्या नावाने सरहद्दीवरची तटबंदी ओळखली गेली, तेच.) तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला ती नव्याने चेतवली जाते. १४ जून १९४० ला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, त्या संध्याकाळीही हा नेम मोडला नाही. ज्योत गॅसवर जळते आणि चोवीस तास तेवत असते. ‘चेतवणं’ म्हणजे विझवून पुन्हा लावणं नव्हे, तिला वाढवणं.

सहाच्या सुमारास कर्मचारी कबरीभोवतीची जागा मोकळी करायला लागतात. माजी सैनिकांच्या संघटना, कधी शाळेची मुलं, कधी एखादी परदेशी तुकडी झेंडे घेऊन शाँझेलिझेच्या बाजूने येतात. पुष्पचक्र ठेवलं जातं, तलवारीने ज्योत वाढवली जाते, बिगुलावर मृतांसाठीची धून वाजते, मग शांतता. शेवटी राष्ट्रगीत आणि नोंदवहीत सह्या. एकूण अर्धा तास धरा. सव्वासहाला दोरीपाशी जागा मिळाली तर नीट दिसतं. साडेसहाला आलात तर पुढच्यांचे फोनच दिसतात.

टोपी काढा, फोनचा आवाज बंद करा, शांततेच्या मिनिटात बोलू नका. फोटोला बंदी नाही. पण कबरीकडे पाठ करून सेल्फी काढणाऱ्याकडे शेजारी उभे असलेले, छातीवर पदकं लावलेले म्हातारबुवा ज्या नजरेने बघतात ती नजर लक्षात राहते.

एक बारकावा जवळून पाहा. ज्योत जिथून निघते ते तोंड तोफेच्या नळीसारखं आहे आणि त्याभोवती गोलाकार मांडलेली तलवारीची पाती आहेत. लोखंडकामात नावाजलेल्या एदगार ब्रांद यांचं हे काम.

कबर कोणाची आहे?

कोणालाच माहीत नाही, आणि तसंच ठरवून केलेलं आहे. पहिल्या महायुद्धात ओळख न पटलेल्या मृतांची संख्या इतकी मोठी होती की त्या सगळ्यांच्या वतीने एका अनाम सैनिकाचं दफन करायचं ठरलं. वेगवेगळ्या आघाड्यांवरून आणलेल्या आठ शवपेट्या व्हर्दँच्या किल्ल्यात ओळीने मांडल्या होत्या. १० नोव्हेंबर १९२० रोजी ओग्युस्त ताँ या तरुण सैनिकाला त्यांतली एक निवडायला सांगितलं. तो १३२ व्या पायदळ रेजिमेंटचा. एक, तीन आणि दोन यांची बेरीज सहा, शिवाय त्याची रेजिमेंट ज्या मोठ्या तुकडीत होती ती कोअरही सहावी, म्हणून त्याने फुलं सहाव्या पेटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पेटी कमानीत आणली गेली आणि २८ जानेवारी १९२१ ला जमिनीत दफन झालं. दगडावर एवढंच कोरलेलं आहे: ‘देशासाठी मरण पावलेला एक फ्रेंच सैनिक इथे विसावला आहे’ आणि १९१४–१९१८.

यानंतर एक शिरस्ता पडला. लष्करी संचलन कमानीखालून जात नाही, बाजूने वळसा घेतं. १९१९ चं विजयसंचलन खालून गेलं होतं, तेव्हा कबर नव्हती. १९४० मध्ये हिटलरने आणि १९४४ मध्ये द गोल यांनी, दोघांनीही हा शिरस्ता पाळला.

भिंतींवर इतकी नावं कसली? काहींच्या खाली रेघ का?

आतल्या भिंतींवर ६६० नावं आहेत. क्रांती आणि नेपोलियनच्या काळातले सेनानी, बहुतेक सगळे सेनापती. ज्यांच्या नावाखाली रेघ आहे ते रणांगणावर पडलेले. ही रेघ फार बारीक आहे, दुपारच्या सपाट उजेडात चटकन दिसत नाही. तिरका उजेड असताना भिंतीच्या जवळ जाऊन पाहा. नावांबरोबर लढायांचीही यादी आहे, आणि वरच्या पट्ट्यावर मोठ्या विजयांच्या ३० ढाली.

यादीत कोण घ्यायचा यावरून तेव्हाही भांडणं झाली. व्हिक्टर ह्युगोचे वडील सेनापती होते, त्यांचं नाव सुटलं. ह्युगोने १८३७ च्या आपल्या काव्यसंग्रहाच्या अर्पणपत्रिकेतच ते जाहीरपणे लिहून टाकलं: कमानीवर न कोरलेल्या माझ्या वडिलांना. १८८५ मध्ये ह्युगो वारला तेव्हा त्याचंच शव अंत्यदर्शनासाठी याच कमानीखाली ठेवलं होतं.

नावं वाचून झाली की दहा पावलं मागे येऊन खालचा दगड पुन्हा बघा. वर ६६० नावं, खाली एक बिननावाचा. जमिनीत बसवलेल्या इतर पाट्याही चुकवू नका: १८ जून १९४० चं द गोल यांचं आवाहन, इंडोचायना, कोरिया, अल्जीरिया. एका राजवटीची कमान होती, नंतरच्या प्रत्येक राजवटीने तिच्यात आपली पाटी बसवली.

शिल्पांपैकी काय पाहावं?

वेळ कमी असेल तर एकच: शाँझेलिझेकडून पाहताना उजव्या खांबावरचा फ्राँस्वा र्‍यूदचा समूह. नाव ‘१७९२ चं प्रस्थान’, पण सगळे त्याला फ्रान्सच्या राष्ट्रगीताच्या नावाने ‘मार्सेयेज’ म्हणतात. वर पंख पसरून ओरडणारी स्त्री, खाली निघालेले स्वयंसेवक. तिचं उघडं तोंड बघा, दगडातून आवाज येईलसं वाटतं. डाव्या खांबावर कॉर्तोचा नेपोलियन, रोमन वेशात, डोक्यावर विजयदेवता मुकुट धरतेय. दोन्ही शेजारी पाहिले की कॉर्तोचा किती ताठर आहे ते कळतं.

मागच्या बाजूचे दोन्ही समूह एतेक्सचे: १८१४ चा प्रतिकार आणि १८१५ ची शांतता. शांततेच्या समूहातला योद्धा तलवार म्यानात घालतोय. पर्यटक मागे फिरकत नाहीत, म्हणून तिथे निवांत पाहता येतं.

‘मार्सेयेज’ सकाळच्या उन्हात उत्तम दिसतो, कारण ती बाजू पूर्वेची. मागचे समूह दुपारनंतर पाहा. व्हर्दँची लढाई सुरू झाली त्या दिवशी, १९१६ मध्ये, र्‍यूदच्या शिल्पातली तलवार तुटून पडली आणि अपशकुन नको म्हणून ती बाजू झाकून टाकली, असं सांगतात.

वरच्या दालनात याच ‘मार्सेयेज’च्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा आहे. १ डिसेंबर २०१८ च्या दंगलीत तो फोडला गेला होता, नंतर जोडून दुरुस्त केला.

बांधायला तीस वर्षं का लागली?

कारण जिंकणारा हरला. ऑस्टर्लिट्झच्या विजयानंतर नेपोलियनने १८०६ मध्ये आज्ञा दिली आणि १५ ऑगस्टला, स्वतःच्या वाढदिवशी, पायाभरणी झाली. नुसता पाया घालण्यातच दोन वर्षं गेली. १८१० मध्ये मारी-लुईझ या नव्या राणीसह तो पॅरिसमध्ये येणार होता आणि कमान जमिनीतून जेमतेम वर आलेली. मग शाल्ग्रँ या वास्तुविशारदाने लाकूड आणि रंगवलेल्या कापडाची पूर्ण आकाराची खोटी कमान उभी करून दिली. पुढच्याच वर्षी शाल्ग्रँ वारला. १८१४ मध्ये नेपोलियन पायउतार झाला आणि काम थांबलं. परत आलेल्या बूर्बाँ या जुन्या घराण्याच्या राजांनी ते १८२३ नंतर सुरू केलं आणि २९ जुलै १८३६ रोजी लुई-फिलिपच्या राजवटीत उद्घाटन झालं. नेपोलियन कमानीखालून गेला तो १५ डिसेंबर १८४० ला, शवपेटीतून.

आपल्या गेटवेशी किंवा इंडिया गेटशी तुलना कशी करायची?

उंचीने सुरुवात करू. गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर, दिल्लीचं इंडिया गेट ४२, ही ५०. मधल्या कमानीची पोकळीच २९ मीटर उंच आणि साडेचौदा मीटर रुंद, म्हणजे अख्खा गेटवे तिच्या उंचीत मावेल. जगात याहून उंच कमानी आहेत, मेक्सिको सिटीत आणि प्योंगयांगमध्ये.

हेतूने पाहिलं तर गेटवे हे राजाच्या स्वागताचं बांधकाम आणि इंडिया गेट हे मृत सैनिकांचं. पॅरिसची कमान जन्मली विजयासाठी आणि १९२१ नंतर झाली कबर. १९७२ ते २०२२ इंडिया गेटखाली तेवणारी अमर जवान ज्योत ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथली ज्योत परकी वाटणार नाही. एक फरक मजेशीर आहे. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश तुकडी गेटवेखालूनच संचलन करत भारतातून गेली. इथे सैन्याने खालून जायचं नाही हाच शिरस्ता.

भारतीय किंवा मराठी सैनिकांचा इथे काही संबंध?

आहे. १४ जुलैचं राष्ट्रीय संचलन या कमानीपासून निघून काँकॉर्डकडे उतरतं. २००९ मध्ये त्यात सुमारे ४०० जणांचं भारतीय पथक होतं आणि त्याच्या अग्रभागी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. २०२३ मध्ये पुन्हा भारतीय पथक आलं, तेव्हा पंजाब रेजिमेंट होती.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडलेल्या भारतीयांची नावं मात्र इथे शोधू नका. त्यांचं स्मारक उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेल गावी आहे, १९२७ मध्ये उभारलेलं, ४,७०० हून अधिक नावांचं. ऑक्टोबर १९१४ मध्ये त्या गावात घराघरांतून झालेल्या लढाईत खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांची मोठी हानी झाली होती. गाडी भाड्याने घेतली तर पॅरिसहून एका दिवसात जाऊन येता येतं.

कमानीतून विमान नेलं होतं हे खरं का?

खरं. १९१९ च्या विजयसंचलनात वैमानिकांना पायदळासारखं चालायला लावलं, त्याचा त्यांना राग आला. निषेध म्हणून कमानीतून विमान न्यायचं ठरलं. त्यासाठी निवडलेला वैमानिक नावार सराव करताना मेला. मग ७ ऑगस्ट १९१९ ला शार्ल गोदफ्रॉयने आपलं छोटं न्यूपोर विमान मधल्या कमानीतून आरपार नेलं. पंखांच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तीन-साडेतीन मीटर जागा होती. चित्रीकरणही झालं होतं.

चांगला फोटो कुठून?

शाँझेलिझेच्या मधोमध, झेब्रा क्रॉसिंगवर रस्त्याच्या मध्यावर छोटा थांबा आहे तिथून. हिरवा सिग्नल असेपर्यंतच उभे राहा, मागे सरकत सरकत फ्रेम जुळवायला जाऊ नका. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य थेट कमानीच्या पोकळीत मावळताना दिसतो. त्या संध्याकाळी हा थांबा तिपायांनी भरलेला असतो. गच्चीच्या कठड्यावर टोकदार लोखंडी सळ्या आहेत, फोन त्यांच्यामधून बाहेर धरताना मनगटाला पट्टा अडकवा.

कोणत्या दिवशी टाळावं?

१४ जुलै, ३१ डिसेंबरची रात्र आणि जुलैअखेर टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा शाँझेलिझेवर असेल तो रविवार. रस्ते बंद, मेट्रोची दारंही कधी बंद, आणि आलात तरी कमानीपर्यंत पोहोचता येत नाही. उलट ८ मे किंवा ११ नोव्हेंबरला दुपारनंतर अवश्य या. मधल्या कमानीत भला मोठा तिरंगी झेंडा सोडलेला असतो आणि वारा असेल तर तो खालच्या ज्योतीच्या वर हलत राहतो.

पाकीटमार, फसवणूक?

स्टेशनचे जिने आणि भुयार ही दोन ठिकाणं सांभाळायची. सही मागायला कागद घेऊन येणाऱ्या मुली, ‘ही तुमची अंगठी पडली का’ असं विचारणारा माणूस, दोघांनाही मान हलवून पुढे चाला. कागदावर सही केली की देणगी मागतात आणि तुम्ही कागदाकडे बघत असताना दुसरा हात पिशवीत असतो. गच्चीवर धोका कमी, कारण तिकडे यायला २८४ पायऱ्या चढाव्या लागतात.

एकूण वेळ किती धरावा?

फक्त खालचं पाहायचं तर पाऊण तास. वर जायचं तर रांग सोडून दीड तास. ज्योतीचा सोहळा धरून अडीच तास मोकळे ठेवा, आणि रात्रीच्या जेवणाचं आरक्षण साडेसातच्या आधीचं करू नका.